आजन्म नवव्रती : फादर नीळकंठशास्त्री गोरे आणि ख्रिस्ती साधनेतील प्रौढत्वाची कल्पना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय धर्मांतरितांची चरित्रे वाचताना एक गोष्ट अभ्यासकाच्या सहज लक्षात येते. ही चरित्रे बहुधा बाप्तिस्म्याच्या प्रसंगी कळसाला पोहोचतात. तत्पूर्वीचा काळ शोधाचा, शंकांचा आणि आप्तांच्या विरोधाचा म्हणून तपशिलाने रंगविलेला असतो. त्यानंतरचा काळ मात्र सेवाकार्याची यादी देऊन आटोपता घेतलेला असतो. जणू धर्मांतर हेच साध्य होते आणि ते हाती आल्यावर अंतरंगाचा इतिहास संपला. मिशनच्या दृष्टीने लिहिणाऱ्यांनी ही पद्धत रूढ केली आणि त्यांच्या विरोधकांनीही नकळत तीच उचलली. एकाने बाप्तिस्म्याला विजय मानले, दुसऱ्याने अधःपात मानले, एवढाच फरक. प्रस्तुत लेखात या पद्धतीची मर्यादा एका चरित्राच्या आधारे तपासावयाची आहे. ते चरित्र म्हणजे काशीचे पंडित नीळकंठशास्त्री, पुढे फादर नेहेम्या गोरे (१८२५–१८९५), यांचे होय. बाप्तिस्म्यानंतर ते ४७ वर्षे जगले. त्यांपैकी अखेरची सुमारे १९ वर्षे त्यांचा संबंध ज्या संन्यासी संघाशी होता, त्याचे मुंबईतील ठाणे माझगाव येथे होते. त्या संघात ते नवव्रती म्हणून दाखल झाले आणि अंतिम व्रते न घेताच त्यांनी देह ठेवला. ख्रिस्ती साधनेतील प्रौढत्व कशाने मोजावयाचे, हा प्रश्न या एका वस्तुस्थितीमुळे तीव्र स्वरूपात उभा राहतो.

१

प्रथम कल्पनेचा विचार करू. ख्रिस्ती परंपरेत श्रद्धेच्या वाढीसाठी पौलाच्या पत्रांपासून वयाचे रूपक वापरलेले आढळते. नवा विश्वासी हा तान्हे मूल होय, त्याला दूध द्यावे. वाढलेल्यास जड अन्न पचते. मूळ ग्रीक ग्रंथात यासाठी जो शब्द योजिला आहे त्यात ‘वयात आलेला’ आणि ‘पूर्णतेस गेलेला’ अशा दोन्ही छटा आहेत. पुढे मध्ययुगीन साधकांनी शुद्धी, प्रकाश आणि ऐक्य असे तीन मार्ग कल्पिले आणि मठसंस्थेने या वाढीला व्यवहारात पायऱ्या घालून दिल्या : प्रथम उमेदवारी, मग नवव्रताचा काळ, आणि शेवटी आजन्म व्रतांचा स्वीकार. अशा रीतीने अंतरंगाच्या परिपाकास एक दृश्य पंचांग प्राप्त झाले.

मराठी वाचकास ही पायऱ्यांची भाषा परकी वाटण्याचे कारण नाही. दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थांनी बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशी चार प्रकारच्या मनुष्यांची लक्षणे क्रमाने सांगितली आहेत. त्यात सिद्धाची जी खूण सांगितली आहे ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ती खूण म्हणजे निःसंदेहता. ज्याचा संदेह फिटला तो सिद्ध. ज्याचा फिटला नाही त्याचे साधन कितीही मोठे असले तरी ते अपुरे. गोरे यांच्या जीवनास हे माप लावून पाहिले तर ते आयुष्याच्या अखेरपर्यंत साधकच राहिले, असे म्हणावे लागेल. मठाचे माप लावले तरी उत्तर तेच येते. दोन भिन्न परंपरांतील मापे एकाच उत्तरावर येतात. म्हणूनच त्या उत्तराने या जीवनाचा उलगडा कितपत होतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

२

माझगावची भूमीही या चर्चेत अनाठायी नाही. मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी हे एक. पोर्तुगीज अमदानीत, १५७२ मध्ये, ते सौझा इ लिमा या घराण्याकडे इनाम म्हणून गेले आणि १६३२ मध्ये त्याच घराण्याच्या आश्रयाने येथे ग्लोरिया चर्च उभे राहिले. ती जुनी वास्तू विसाव्या शतकाच्या आरंभी पाडण्यात आली. भायखळ्याचे आजचे ग्लोरिया चर्च तिचे वारस होय. माथारपाखाडीसारख्या वस्तीतील ख्रिस्ती कुटुंबांना धर्म वाडवडिलांकडून मिळालेला होता. तेथे मनुष्य ख्रिस्ती म्हणून जन्मास येई आणि त्याची श्रद्धा सण, प्रार्थना व संस्कार यांच्या वार्षिक चक्रातून हळूहळू पिके. वाढीची ही एक तऱ्हा झाली.

एकोणिसाव्या शतकात गोदी आणि आगबोटी यांमुळे माझगावची वस्ती पालटली, आणि त्या नव्या वस्तीत अँग्लिकन पंथाचे सेंट पीटर्स चर्च उभे राहिले. या चर्चशी ‘सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट’ या संघाचे नाव जोडले गेले. ऑक्सफर्डनजीकच्या काउली या गावी रिचर्ड म्यूक्स बेन्सन यांनी १८६६ मध्ये हा संघ स्थापन केला, म्हणून त्याच्या सभासदांना काउली फादर म्हणत. १८७४ मध्ये ते मुंबईस आले. माझगाव, तेथून जवळच असलेली उमरखाडी आणि पुण्याचे पंचहौद ही त्यांच्या कार्याची ठिकाणे. १८९० च्या ग्रामण्यप्रकरणामुळे यांपैकी पंचहौद मिशनचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात निराळ्याच कारणाने अजरामर झाले आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता ही या संघाची तीन व्रते. हिंदी मनुष्याला ज्यात संन्यासाश्रमाची ओळख पटावी, असा ख्रिस्ती धर्माचा हा आविष्कार होता. गोरे या संघाकडे का ओढले गेले, याचे एक उत्तर येथे मिळते.

३

गोरे घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. नीळकंठाचा जन्म १८२५ मध्ये झाशीकडील काशीपुरा या गावी झाला आणि तो वाढला काशीत. न्याय आणि व्याकरण यांत त्याने लहान वयातच गती मिळविली. त्याचे पहिले महत्त्वाचे लेखन ख्रिस्ती धर्माच्या खंडनार्थ झाले, ही बाब मुद्दाम नमूद केली पाहिजे. जॉन म्यूर या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू मतावर आक्षेप घेतले होते. त्याला जी उत्तरे निघाली त्यांत १८४४–४५ च्या सुमाराचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा नीळकंठशास्त्र्यांचा ग्रंथ होय. त्याची छापील आवृत्ती उज्जैनहून १९५१ मध्ये निघाली. अल्पकालीन पापाला अनंतकाळची शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा, आणि ज्यांनी पाप केले नाही ते मुके प्राणी दुःख का भोगतात, असे त्यातील प्रश्न आहेत. ते उसने घेतलेले नाहीत. ते लिहिणारास खरोखरच बोचत होते.

त्यानंतर तीन-चार वर्षांतच, मार्च १८४८ मध्ये, जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या धर्माचे खंडन केले तोच स्वीकारावा, ही कलाटणी चमत्कारिक वाटते खरी. परंतु खंडनाच्या निमित्ताने प्रतिपक्षाचा ग्रंथ सूक्ष्मपणे वाचणारा नैयायिक त्या ग्रंथाच्या कह्यात जाण्याचा संभव नेहमीच असतो. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावयाचा तर तो काही काळ आपलासा करावा लागतो. गोरे यांनी तो आपलासा केला आणि मग तो त्यांना सोडता आला नाही.

या निर्णयाची किंमत त्यांच्या घराने मोजली. पत्नी लक्ष्मीबाई यांचा विरोध मावळून त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण कन्येच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्या वारल्या. १८५३ मध्ये जन्मलेली ही कन्या, एलन लक्ष्मी गोरे, युरोपियन कुटुंबांत वाढली, इंग्लंडात शिकली आणि पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून नावारूपास आली. वडील मात्र पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांच्याबरोबर त्यांचे शिक्षक म्हणून १८५४ मध्ये विलायतेस गेले होते. बापलेकींची ही दीर्घ ताटातूट वैराग्याच्या खाती जमा करून मोकळे होणे सोपे आहे. इतिहासलेखकाने तसे करू नये.

परतल्यावर गोरे यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध केला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. वेदान्तातील पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक या त्रिविध सत्तेवर त्यात कठोर हल्ला आहे. शस्त्र काशीचेच, लक्ष्य तेवढे बदललेले. मनुष्य ख्रिस्ती झाला होता. त्याची बुद्धी मात्र अद्याप वादसभेतच बसलेली होती.

४

१८७० मध्ये गोरे यांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली आणि १८७६ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते काउली येथे नवव्रती झाले. तेथून परतल्यावर त्यांचे वास्तव्य व संचार पुणे, मुंबई, इंदूर अशा ठिकाणी संघाच्या कार्याच्या अनुषंगाने होत राहिला. मुंबईतच २९ ऑक्टोबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. संघातील फादर गार्डनर यांनी १९०० मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढील अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला. १९६९ मध्ये बळवंत पराडकर यांनी गोरे यांच्या धर्मविचाराचा स्वतंत्र परामर्श घेतला.

या सर्व लेखनात एक गोष्ट निरपवादपणे येते : गोरे यांच्या शंका बाप्तिस्म्याने शमल्या नाहीत. बाप्तिस्म्यापूर्वी त्यांचे पाऊल अनेकदा मागे फिरले होते, आणि नंतरही निश्चयाच्या पाठोपाठ संशय येई. अंतिम व्रते न घेण्याचा संबंध या स्वभावाशी असावा, असे मानण्यास जागा आहे. एखादी गोष्ट आजन्म मान्य आहे असे शपथेवर सांगणे, ज्याला प्रत्येक विधानाचे प्रमाण तपासण्याची सवय आहे त्याला सोपे नसते. येथे आपल्यासमोर दोन सोयीस्कर निष्कर्ष उभे राहतात. एक असा की, शंका राहिली याचा अर्थ धर्मांतर मुळातच कच्चे होते. दुसरा असा की, शंका हा केवळ प्रकृतीचा दोष होता, श्रद्धेशी तिचा संबंध नव्हता. पहिला निष्कर्ष विरोधकास आवडेल, दुसरा भक्तास. दोन्हींनी ४७ वर्षांचा पुरावा बाजूस सारावा लागतो.

तो पुरावा नीट पाहिला म्हणजे शंकेच्या अस्तित्वापेक्षा तिचे स्थलांतर अधिक अर्थपूर्ण ठरते. १८४४ मध्ये शंका परधर्माविषयी आहे. १८६० मध्ये ती पूर्वधर्माविषयी आहे. पुढे ती उत्तरोत्तर स्वतःविषयी होत जाते. आपण जे मानतो ते खरोखर मानतो काय, आपली प्रार्थना खरी आहे काय, असे तिचे स्वरूप बनते. खंडनाचे हत्यार आत्मपरीक्षेचे साधन झाले. आणि हे होत असताना नित्य उपासना, उपवास, साधेपणा आणि वडिलांची आज्ञा यांतून ते ढळले नाहीत. संशय फिटल्यावर साधन करणे एक. संशय असता साधन न सोडणे दुसरे. या दुसऱ्या गोष्टीस दासबोधाच्या वर्गीकरणात मानाचे स्थान नसेल, परंतु तीत धैर्य कमी नाही.

५

आता गोरे यांच्या प्रौढत्वाची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. प्रार्थनासमाज १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झाला. त्याच्याशी व ब्राह्मसमाजाशी गोरे यांनी जो वाद केला त्यात त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की, पवित्र, दयाळू आणि सृष्टिकर्त्या ईश्वराची जी कल्पना हे समाज बुद्धिसिद्ध म्हणून मांडतात, ती बुद्धीने सिद्ध झालेली नसून ख्रिस्ती प्रकटीकरणातून घेतलेली आहे. मुद्दा मार्मिक होता. तथापि त्यातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे प्रकटीकरण संपूर्ण स्वीकारा अन्यथा काहीच नको, हा त्यांच्या तर्कनिष्ठ मनाचा हट्ट होता. तरुणपणी ज्या अनंत शिक्षेच्या कल्पनेने त्यांना अस्वस्थ केले, तिचेच त्यांनी पुढे समर्थन केले. प्रमाण एकदा मानले की त्याचे अप्रिय फलितही मानावयाचे, ही त्यांची शिस्त होती.

या शिस्तीची कसोटी पंडिता रमाबाईंच्या प्रसंगी लागली. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला आणि त्यांच्या बौद्धिक समाधानात गोरे यांच्या लेखनाचा वाटा होता. परंतु बाप्तिस्म्यानंतर लवकरच त्रैक्याचा सिद्धान्त, मतांगीकाराची सूत्रे आणि चर्चचा अधिकार यांविषयी रमाबाईंनी प्रश्न विचारण्यास आरंभ केला. सिस्टर जेराल्डिन व इतर वडीलधाऱ्यांशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने उपलब्ध करून दिला. पुरोहितांच्या एका जोखडातून महत्प्रयासाने सुटल्यावर दुसरे जोखड आपण मानेवर घेणार नाही, असा त्यांचा एकंदर आशय आहे. गोरे यांच्या दृष्टीने परिपक्व श्रद्धा चर्चच्या परंपरेपुढे नम्र होते. रमाबाईंच्या दृष्टीने ती स्वतःच्या सदसद्विवेकाशी प्रामाणिक राहते. दोघेही संस्कृत शास्त्रांत मुरलेले, दोघेही स्वमताची मोठी किंमत मोजलेले; वाट मात्र येथे फुटली.

पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त स्वतः काही वर्षांनी मिळाला, अशा आशयाचे सांगितले आहे. धर्मांतराचा दिवस आणि अंतरंग पालटल्याचा काळ या दोन निराळ्या तारखा आहेत, याचा हा त्या काळातील एक स्पष्ट निर्वाळा होय. रमाबाईंच्या बाबतीत ती दुसरी तारीख सांगता येते. गोरे यांच्या बाबतीत सांगता येत नाही. त्यांची वाढ प्रसंगाने झाली नाही, झिजेने झाली.

६

त्या वाढीचा सर्वांत बोलका पुरावा १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रभूच्या ईश्वरत्वाची प्रमाणे मांडणाऱ्या त्यांच्या इंग्रजी पत्ररूप पुस्तिकेत सापडतो. त्यांनी तेथे असे प्रतिपादिले आहे की, ख्रिस्ती धर्म ग्रहण करण्यास ईश्वराने यहुद्यांखालोखाल हिंदूंइतकी दुसऱ्या कोणत्याही लोकांची तयारी करून घेतलेली नाही. गीता, भागवत आदी ग्रंथांची शिकवण भ्रामक आहे हे त्यांचे मत कायम आहे. पण त्याच ग्रंथांनी अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा यांचे मोल आम्हांस शिकविले, असे ते मोकळेपणाने कबूल करतात. हे शब्द त्यांना इंग्रजी लेखनातही संस्कृतातच वापरावे लागले, यात बरेच काही येते.

या कबुलीचे वजन नीट जोखले पाहिजे. षड्दर्शनांवर घाव घालणाऱ्या नैयायिकाने, वयाच्या ६२ व्या वर्षी, सिद्धान्तापुरता आपला आग्रह तिळमात्र न सोडता, वारशाचे ऋण मान्य केले. पूर्वी त्यांची नजर प्रतिपक्षाच्या मतातील विसंगतीवर असे. आता ती त्या मताने घडविलेल्या मनुष्यावर गेली. तसे पाहता त्यांचे स्वतःचे जीवन हाच त्या विधानाचा पुरावा होता. माझगावच्या मठवासी परंपरेत वावरताना जे वैराग्य त्यांना सहज साधले, त्याचा पहिला पाठ काशीच्या घाटावर झाला होता. ते त्यांनी तोंडाने न म्हणता तत्त्व म्हणून मांडले, ही त्यांची रीत.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात गोरे गेले. टिळकांनी पुढे तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे अभिमानाने सांगितले आणि मराठी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा साज चढविला. दोघांची भेट घालून देण्याचा मोह आवरला पाहिजे. परंतु विचारांचा क्रम लपत नाही. गोरे यांनी वादाच्या अंती जे अडखळत मान्य केले, तेथून टिळकांनी गात सुरुवात केली. १८६० आणि १८९५ यांमधील हे अंतर एका व्यक्तीच्या आयुष्यात कापले गेले, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

७

यावरून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. धर्मांतराच्या अभ्यासात बाप्तिस्म्याच्या तारखेस आरंभबिंदू मानले पाहिजे आणि तिच्यानंतरच्या वर्षांची कागदपत्रे, म्हणजे पत्रे, वादग्रंथ, संघांच्या नोंदी, पूर्वीच्या वर्षांइतक्याच बारकाईने वाचली पाहिजेत. दुसरे, श्रद्धेचे प्रौढत्व ठरविताना संस्थेचे दर्जे उपयोगी पडतात, परंतु ते पुरे पडत नाहीत. आजन्म व्रते घेतलेला मनुष्य बाल राहू शकतो आणि आजन्म नवव्रती राहिलेला परिपक्व होऊ शकतो. तिसरे, निःसंदेहता ही सिद्धीची एकच खूण मानली तर आधुनिक काळातील कित्येक प्रामाणिक साधकांची जीवने आपल्याला वाचताच येणार नाहीत, मग ते साधक कोणत्याही धर्माचे असोत.

गोरे यांच्यापुरते बोलावयाचे तर त्यांच्या वाढीच्या तीन खुणा दाखविता येतात : शंकेचा रोख इतरांवरून स्वतःवर वळला, तो वळला असताही आचार सुटला नाही, आणि अखेरीस, ज्या घराचे दार त्यांनी आपल्या हातांनी लावून घेतले होते त्या घराचे देणे त्यांनी मान्य केले. चौथी खूण, म्हणजे स्वजनांना व भिन्न मताच्या सहधर्मीयांना समजून घेण्याची मृदुता, त्यांच्या ठायी उणीच राहिली असे एलन व रमाबाई यांच्या उदाहरणांवरून दिसते. हे उणेपणही नोंदविले पाहिजे, कारण त्यावाचून उरलेल्या तीन खुणांवर विश्वास बसणार नाही.

माझगावचे सेंट पीटर्स चर्च १९७० पासून उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत समाविष्ट झालेले आहे. मुंबईच्या धार्मिक इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने माझगावचा विचार गोदीच्या आणि इनामाच्या संदर्भात करावा हे योग्यच आहे. परंतु ज्या संघाच्या छायेत काशीचा एक नैयायिक एकोणीस वर्षे उमेदवारच राहिला आणि ज्यास त्या उमेदवारीची लाज वाटली नाही, त्या संघाचे ठाणे म्हणूनही या भागाची नोंद त्याच्या टिपणांत असावी.